हयातीतली निरवानिरव

कर्नाटकातल्या बोरगावातून महाराष्ट्रातल्या इचलकरंजीला जायचं तर राज्याची हद्द ओलांडावी लागते, पण इकडे त्याला कुणी परराज्यात जाणं म्हणत नाही. बाजार तिकडे, दवाखाना तिकडे, लेकीचं सासर तिकडे आणि मुलाची नोकरी त्याहून लांब, पुण्याला नाहीतर बंगळूरला. निपाणी तालुक्याच्या या पट्ट्यात कितीतरी जुन्या घरांत आता दोनच माणसं उरली आहेत, काही घरांत तर एकच. घर मात्र बारा-पंधरा माणसांच्या खटल्याचं: पुढं सोपा, मग माजघर, वर माळा, मागं परडं आणि गोठा. माणसं पांगली आणि सामान जागच्या जागी राहिलं. त्याची झाडलोट, राखण आणि काळजी सत्तरीतल्या दोन जीवांवर येऊन पडली.

उतारवयात हा पसारा कमी कसा करायचा, कुणी करायचा आणि कुठं थांबायचं, हा आज घराघरातला प्रश्न आहे. त्यावर धर्मपरंपरा, बाहेरचं जग, आरोग्य आणि कायदा आपापल्या परीनं बोलतात. त्या सगळ्यांचं एकत्र ऐकलं तर दोन गोष्टी ठळक होतात. पसारा ज्याचा त्यानं, हातपाय धड असताना, स्वतःच्या पसंतीनं कमी करावा. आणि वस्तू कितीही हलक्या केल्या तरी राहत्या छपरावरचा आणि पोटापुरत्या पैशावरचा हक्क शेवटच्या दिवसापर्यंत आपल्या हातात ठेवावा.

प्रश्न केवढा

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं ८.६ टक्के होती. कर्नाटकात हे प्रमाण ९.५ टक्के आणि महाराष्ट्रात ९.९ टक्के होतं. म्हणजे हद्दीच्या दोन्ही बाजूंना म्हातारपण देशाच्या सरासरीपेक्षा लवकर आलं. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनं मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेबरोबर काढलेल्या २०२३ च्या अहवालानुसार, देशातला हा वाटा २०२२ मध्ये १०.५ टक्के होता आणि २०५० पर्यंत तो २०.८ टक्क्यांवर जाईल. दर पाच माणसांत एक ज्येष्ठ. ज्या पिढीनं भरली घरं पाहिली, तीच ती घरं रिकामी होताना पाहते आहे.

सामान साठतं कसं

या भागातल्या घरात सामान हौसेपेक्षा नात्यातून जास्त साठतं. लग्नात आहेर येतो, रुखवतावर भांडी येतात, वास्तुशांतीला परात येते, बारशाला वाटी-चमचा येतो. माळ्यावरची एखादी पितळी घागर उजेडात आणून पाहावी. काठाखाली खिळ्याच्या टोकानं ठोकून, टिंबाटिंबांनी नाव घातलेलं असतं: कुणी दिली, कुणाच्या लग्नात दिली, तारीख कोणती. घासून घासून निम्मी टिंबं बुजलेली असतात. देणारा मामा कधीच गेलेला असतो, पण ती घागर मोडीत घालायची म्हटली की म्हातारीचा हात अडतो. तिच्यालेखी ते माहेरच्या माणसाचं नाव असतं.

दुसरा साठा शेतीचा. तंबाखूच्या दिवसांत घराला मोठी, कोरडी, अंधारी जागा लागायची. नंतर ऊस आला, बैल गेले, ट्रॅक्टर आला. औत, कुळव, जू, कणगी, जातं, पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब ही सगळी निरुपयोगी झाली तरी हलली नाहीत, कारण हलवायला हात उरले नाहीत.

तिसरा साठा कापडाचा. जुनी लुगडी आणि धोतरं फाडून शिवलेल्या वाकळी ट्रंकांत घडी घालून पडलेल्या असतात. घटस्थापनेच्या आधी सगळं घर धुऊन काढायचं, भांडी उजळायची, वाकळी नदीवर नेऊन बडवायच्या, ही इकडची रीत. भिजलेली वाकळ दोन धडधाकट बायकांनी पिळली तरी दमवते. सत्तरीतल्या बाईला ती पाण्यातून वर काढणंही जमत नाही. आपलं घर आपल्याला झेपत नाही, हे अनेक जणींना पहिल्यांदा त्या धुण्याच्या दिवशी कळतं. म्हणूनच सामानाचा आढावा घ्यायला याच्याइतका चांगला मुहूर्त नाही. सगळं सामान तसंही अंगणात आलेलं असतं. जे यंदा धुववलं नाही ते पुढच्या वर्षी धुववणार नाही, हे समोर दिसत असतं.

आपल्या मातीतला विचार

मोजकं सामान ठेवण्याचा विचार या भागाला बाहेरून आणावा लागत नाही. बोरगावाच्या शेजारचं भोज हे विसाव्या शतकातल्या दिगंबर मुनिपरंपरेला नवा जीव देणाऱ्या आचार्य शांतिसागरांचं गाव. १८७२ मध्ये जन्मलेल्या शांतिसागरांनी १९५५ च्या सप्टेंबरात कुंथलगिरीवर सल्लेखनेनं, म्हणजे व्रत म्हणून आहार सोडत, देह ठेवला. जवळच्याच सदलग्यात १९४६ मध्ये आचार्य विद्यासागरांचा जन्म झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत डोंगरगढला त्यांनीही तसाच देह ठेवला. पिंछी, कमंडलू आणि शास्त्र यापलीकडे जवळ काही न ठेवणारी ही माणसं इथल्याच शेतकरी घरांतून निघाली आणि इथल्याच लोकांनी त्यांचे चातुर्मास पाहिले.

गृहस्थासाठी जैन आचारात यापेक्षा सौम्य वाट आहे. पाचवं अणुव्रत परिग्रह-परिमाणाचं. जमीन, घर, सोनं, चांदी, गुरं, धान्य, कपडे, भांडी यांची मर्यादा ज्यानं त्यानं ठरवायची आणि त्यावर जे येईल ते दानात घालायचं. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाच्या अकरा प्रतिमा, म्हणजे चढत्या पायऱ्या, सांगितल्या आहेत. त्यातल्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या पायरीचा क्रम उतारवयाला फार जवळचा आहे: आरंभत्याग, परिग्रहत्याग, अनुमतित्याग. आधी व्यवसायातून हात काढायचा, मग मालमत्तेतून, आणि शेवटी घरातल्या निर्णयांत ‘हो-नाही’ करणंही सोडायचं. एकदम काही टाकायचं नाही. पायरी चढायची, तिथं स्थिर व्हायचं, मग पुढची.

लिंगायत घरांनाही हा विचार ओळखीचा आहे. कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, सांडलेला तांदूळ वेचून आणणाऱ्या मारय्यानं एके दिवशी रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणला, तेव्हा त्याची बायको आयदक्की लक्कम्मा हिनं तो परत पाठवला, ही शरणांची कथा इकडच्या मठांतून सांगितली जाते. गरजेपेक्षा जास्त आलेलं घरात ठेवायचं नाही, हे ठरवणारी तिथं घरची बाई आहे.

या परंपरेतून आजच्या संसारी माणसानं काय घ्यावं? मर्यादा स्वतः ठरवणं, सावकाश सोडणं आणि सोडलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं पाहणं, एवढं नक्की घ्यावं. मात्र एक फरक विसरू नये. व्रती सगळं सोडतो तेव्हा त्याच्या आहाराची काळजी वाहणारा समाज त्याच्या मागं उभा असतो. साध्या म्हाताऱ्या माणसानं सगळं देऊन टाकलं तर त्याच्या जेवणाची हमी कुणी घेतलेली नसते.

बाहेर काय चाललं आहे

स्वीडनमध्ये मरणाआधी घर आवरून ठेवण्याला ‘डोस्टॅडनिंग’ म्हणतात. मार्गारेटा मॅग्नुसन यांच्या पुस्तकामुळं २०१७ पासून ही कल्पना जगभर पोचली. आपल्यामागं आपला पसारा उपसण्याचं ओझं मुलांवर टाकू नये, हा त्यांचा मुद्दा. मोठ्या वस्तूंपासून सुरुवात करा, फोटो आणि पत्रं शेवटी घ्या, हा त्यांचा सल्ला इथंही लागू पडतो. फोटोंचा डबा आधी उघडला की त्या दिवशी दुसरं काही होत नाही.

जपानात ‘शूकात्सू’ म्हणून अखेरच्या तयारीची रीतच पडली आहे. एका वहीत खाती, देणी-घेणी, औषधं, अंत्यविधीबद्दलची इच्छा सगळं लिहून ठेवतात. न आवरलेल्या घरांचं काय होतं तेही जपाननंच दाखवलं. २०२३ च्या सरकारी पाहणीत तिथं सुमारे ९० लाख घरं रिकामी आढळली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. वारस शहरात, घर गावात, आत सामान तसंच. कुलूप लावलेली अशी घरं आता आपल्याकडच्या गल्ल्यांतूनही दिसू लागली आहेत.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डेव्हिड एकर्ट यांनी याच विषयावर वर्षानुवर्षं काम केलं आणि २०२० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पन्नाशीनंतर वय वाढत जातं तसं माणसं सामान काढून टाकण्याचं काम कमी कमी करत जातात, हे त्यांच्या अभ्यासात दिसलं. ‘आपल्याकडं गरजेपेक्षा जास्त आहे’ असं मान्य करणारी माणसंसुद्धा. पुढं निवांत झाल्यावर बघू, असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवायला हवं. ज्या वयात वेळ मिळतो, त्या वयात ताकद गेलेली असते. साठी ते सत्तर हीच या कामाची खरी वर्षं.

पडणं आणि पूर

सामान कमी करण्याचं सगळ्यात रोकडं कारण शरीराचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळं मरतात, आणि जिवावर बेतणारं पडणं साठीपुढं सर्वांत जास्त असतं. आपल्या जुन्या घरात पडायच्या जागा ठरलेल्या आहेत: उंच उंबरा, माळ्याची शिडी, न्हाणीतली शेवाळलेली फरशी, रात्री परड्यात जायची अंधारी वाट. म्हणून आवराआवर कपाटापासून सुरू करण्यापेक्षा वाटेपासून करावी. पलंगापासून न्हाणीपर्यंतची वाट मोकळी, दिवा हाताशी, न्हाणीत धरायला दांडी, आणि रोज लागणारं सगळं कमरेच्या उंचीवर. माळ्यावर रोजच्या वापराचं काहीही नको. मग शिडीच काढून ठेवता येते.

दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णेच्या काठाला दुसरं कारण पाण्याचं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै या भागानं पाहिला आहे. महामार्ग बंद झाले, गावांना पाण्याचा वेढा पडला. पाणी ओसरल्यावर गाद्या, धान्य, कपाटं, वह्या-पुस्तकं चिखलात मिसळून रस्त्यावर ढीग झाली. पुरानं घर रिकामं केलं, पण त्यात निवडायचा अधिकार कुणालाच मिळाला नाही. पाणी वाढतंय अशी दवंडी आल्यावर अर्ध्या तासात दोन वृद्धांना काय उचलून बाहेर पडता येईल, हा हिशेब नदीकाठच्या प्रत्येक घरानं आधीच करून ठेवावा. त्यांची औषधं, कागद आणि दोन दिवसांचे कपडे एका पिशवीत मावले पाहिजेत आणि ती पिशवी त्यांना उचलता आली पाहिजे.

ट्रंकेतले कागद

या सीमाभागात वस्तूंपेक्षा कागद आवरणं अवघड आहे. जुनी लोखंडी ट्रंक उघडली तर तळाशी मोडी लिपीतलं एखादं खरेदीखत सापडतं. त्याच्यावर मुंबई राज्याच्या काळातले मराठी कागद. त्याच्यावर १ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेल्यानंतरचे कन्नड कागद. जुन्या कागदांवर तालुका चिकोडी, नव्यांवर निपाणी. हद्दीपलीकडं चार गुंठे असतील तर त्यांचा सातबारा वेगळा आणि इकडचा उतारा वेगळा. आजोबांना कन्नड वाचता येत नाही, बंगळूरच्या नातवाला मोडी तर राहोच, मराठी हस्ताक्षरही लागत नाही. कोणता कागद कशाचा, हे ज्या एका माणसाच्या डोक्यात आहे तो गेला की ट्रंक मुकी होते.

म्हणून पहिलं काम यादीचं. एका वहीत प्रत्येक जमिनीचा गट किंवा सर्व्हे नंबर, गाव, राज्य, कुणाच्या नावावर; प्रत्येक खातं, ठेव, विमा, सोन्याचं तारण. या पट्ट्यात पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्थांचं जाळं दाट आहे, आणि ठेवपावती उशीखाली ठेवायची सवयही. बँकेतली ठेव दहा वर्षं कुणी मागितली नाही तर ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. ती शोधायला २०२३ पासून ‘उद्गम’ नावाचं संकेतस्थळ आहे, पण ते बँकांपुरतं. पतसंस्थेची पावती हरवली आणि घरात कुणाला ठाऊकच नसेल, तर तिथं शोध सोपा नाही.

नॉमिनी लावला की काम झालं असा सार्वत्रिक समज आहे. नॉमिनीला पैसे स्वीकारण्याचा अधिकार मिळतो, मालकी वारसांचीच राहते, हे सर्वोच्च न्यायालयानं विम्याच्या बाबतीत १९८३ मध्ये आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. कुणाला काय द्यायचं हे ठरवायचं असेल तर मृत्युपत्रच लागतं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार मात्र हवेतच. साक्षीदार वाटेकऱ्यांपैकी नसलेले बरे. आणि ते हयातीत कितीही वेळा बदलता येतं. उतारवयातल्या माणसाला कायद्यानं दिलेलं हे सगळ्यात सोयीचं साधन आहे, आणि आपल्याकडं सगळ्यात कमी वापरलं जाणारं.

द्यायचं काय, राखायचं काय

‘आप्पा, तुमच्या डोळ्यांदेखत नावावर करून टाका, नंतर भांडणं नकोत,’ असं मुलं म्हणतात तेव्हा त्यात बहुतेकदा कपट नसतं. तरीही इथं थांबायला हवं. नोंदणी केलेलं बक्षीसपत्र मृत्युपत्रासारखं मनात आलं की रद्द करता येत नाही. पालक आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा काही संरक्षण देतो. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकतं. पण अट होती हे दिसावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या खटल्यात त्याच न्यायालयानं कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावला आणि तिची मालमत्ता तिला परत मिळवून दिली. त्या आईच्या हाती मुलानं सांभाळाचं वचन दिलेला कागद होता. यातून घ्यायचा बोध सरळ आहे: देणारच असाल तर सांभाळाची आणि राहण्याची अट त्या दस्तातच लिहा. त्याहून बरं, राहतं घर मृत्युपत्रानं द्या.

मुलींचा हक्क हा या निरवानिरवीतला सगळ्यात टाळला जाणारा विषय. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध वाटा देणारी दुरुस्ती कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी १९९४ सालीच केली. आधीच लग्न झालेल्या मुलींना मात्र वगळलं होतं. २००५ च्या केंद्रीय कायद्यानं तो फरक पुसला आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं उरलेल्या शंकाही मिटवल्या. तरी भाऊबिजेला साडी घेऊन हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी घरोघर आहेत. आईबापांनी हयातीत, सगळ्यांना एकत्र बसवून हा विषय काढला तर पुढची दहा वर्षांची कोर्टाची वारी वाचते.

बाईच्या वस्तूंचंही तेच. जमीन आप्पांच्या नावावर, पण भांडी, वाकळी, चार दागिने हे तिचं स्वतःचं. ‘आई, हा पसारा कशाला ठेवलास?’ असं विचारत सुना-मुलं पहिल्यांदा तिचंच सामान बाहेर काढतात. ते तिच्या हातानं, तिच्या मर्जीनं जायला हवं. कोणती घागर कोणत्या लेकीला, कोणती नात वाकळ मागते, हे तिनं सांगावं आणि देताना त्या वस्तूची हकीकतही सांगावी. हकीकतीसह गेलेली वस्तू पुढच्या घरात टिकते.

कुठं द्यावं

उरलेल्याला वाटा आहेत. तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालून लहान, हलकी भांडी घ्यावीत. दोन माणसांना पाच लिटरचा कुकर लागत नाही. पुस्तकं चांगल्या स्थितीत असतील तर आधी विचारून वाचनालयाला द्यावीत. इचलकरंजीचं आपटे वाचन मंदिर १८७० पासून आहे, बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून. नव्यासारखे कपडे ‘गूंज’सारख्या संस्था घेतात. फाटकी चिरगुटं मात्र कुणालाही दान म्हणून देऊ नयेत. मोडी कागद आणि पोथ्या रद्दीत जाऊ नयेत. कोल्हापूरचं पुरालेखागार आणि शिवाजी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहेत, निदान दाखवून तरी घ्यावेत. जुन्या घरगुती वस्तूंना काय मोल असतं ते पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिसतं. लोकांच्या घरातले दिवे, अडकित्ते, पानाचे डबे जमवत केळकरांनी तो संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आयुष्यभर जमवलेलं सगळं हयातीतच, आणि नीट हाती सोपवण्याचं याहून चांगलं उदाहरण मराठी मुलखात क्वचितच असेल.

हेही सांगायला हवं की हा सगळा प्रश्न भरल्या घरांचा आहे. निपाणीच्या गल्ल्यांत आयुष्यभर विड्या वळलेल्या बाईकडं कमी करायला काही नसतं. तिला हवी असते वेळेवर मिळणारी पेन्शन आणि कोरडं छप्पर. म्हणून भरल्या घरानं काढलेली धड वस्तू गावातल्याच रिकाम्या घरात पोचली, तर ते काम दोनदा सार्थकी लागतं.

मग क्रम असा धरावा. आधी वाट मोकळी करा, म्हणजे पडणं टळेल. मग कागदांची वही आणि मृत्युपत्र. मग मोठं, जड, शेतीचं सामान. मग कापड आणि भांडी. फोटो आणि पत्रं शेवटी. घर, शेतीतला पोटापुरता वाटा आणि स्वतःच्या नावावरची ठेव ही मात्र द्यायच्या यादीतच घेऊ नका. मुलांनी मदतीला यावं, ओझी उचलावीत, गाडी आणावी. निवड करू नये. सामान कमी करण्यात म्हाताऱ्या माणसाची सोय आहे, तशी प्रतिष्ठाही आहे. आणि ती प्रतिष्ठा, काय राहील आणि काय जाईल हे त्यानं स्वतः ठरवण्यात आहे.